माथेरानला पायी चढायचं तर कोणत्या वाटेनं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरातले पाच जण माथेरानला पायी चढायचं म्हणताय. त्यात ९ आणि १३ वर्षांची दोन मुलं आणि ६१ वर्षांची तुमची आई. कोणती वाट धरावी, वाटाड्या घ्यावा का, आणि जमलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाता येईल का, हे तुम्ही विचारलंय. आधी थेट उत्तर देतो. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरा, पाली-भूतिवली धरणाच्या कडेनं सागाचीवाडीत चढा, तिथून गार्बेटच्या पठारावरून माथेरानात शिरा. वाटाड्या वाडीतला घ्या. आणि उतरताना पायी उतरू नका, गाडीनं या.

आता हीच वाट का, ते सविस्तर सांगतो. कारण ते कळलं तर पुढच्या वेळी कुठलाही डोंगर निवडताना तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

गेली सव्वीस वर्षं मी या डोंगराच्या चारी अंगांनी माणसं घेऊन चढतोय. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर एक लांबट सपाटी, तिच्यावर दाट झाडी, आणि चहूबाजूंनी तुटलेले कडे. वर मोटार जात नाही, दस्तुरी नाक्याला ती थांबते. २००३ साली हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. बहुतेक लोक नेरळहून टॅक्सीनं दस्तुरीला येतात, घोड्यावर किंवा पायी बाजारात जातात, चार पॉइंट बघतात आणि परततात. माथेरानच्या पोटाला, पदरात ज्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, त्या त्यांना कधी दिसतच नाहीत. बेकरेवाडी, आसलवाडी, सागाचीवाडी, पलीकडच्या अंगाला हाश्याची पट्टी. या वाड्यांतली माणसं माथेरानच्या बाजारात दूध, भाजी, सरपण, रानमेवा घेऊन चढतात, हॉटेलांत कामाला जातात आणि संध्याकाळी उतरून घरी येतात. तुम्ही ज्यांना ट्रेकच्या वाटा म्हणता, त्या या लोकांच्या कामावर जायच्या वाटा आहेत.

माझा नियम एकच आहे. ज्या वाटेनं वाडीतलं माणूस आजही रोज जातं, ती वाट धरायची. नकाशावर ठळक दिसणारी वाट, फोटोत सुंदर दिसणारी वाट, कोणी तरी दहा वर्षांपूर्वी करून आलेली वाट, यांतली एकही त्याची बरोबरी करत नाही. सह्याद्रीत वाट एका पावसाळ्यात मोडते. जूनमध्ये माती सुटते, जुलैत कारवीची झुडपं वाढतात, ऑगस्टमध्ये एखादी दरड येते, आणि चालणारं कोणी नसेल तर ऑक्टोबरमध्ये तिथं वाट होती हेसुद्धा कळत नाही. चालणारं असेल तर तीच माणसं कोयत्यानं फांद्या तोडतात, सुटलेला दगड परत बसवतात, घसाऱ्याला वळसा घालून नवी पायरी पाडतात. कोणी सांगायला जात नाही, पैसे देत नाही. रोज जायचं असतं म्हणून ते होतं.

हे मला एका सप्टेंबरात नीट कळलं. तेव्हा मी पाच-सहा वर्षं लोकांना घेऊन जात होतो आणि गार्बेटची वाट पाठ आहे अशी माझी खात्री होती. वाडीच्या वर कारवीच्या रानात शिरलो, बरोबर अकरा जण. वाट चांगली मळलेली, दोन फूट रुंद, शेणाचे पो पडलेले. पाऊण तास चाललो आणि वाट एका ओढ्याच्या काठी जाऊन संपली. पुढं नुसता कातळ. मागं वळलो तर दोन फाटे दिसले, ते येताना दिसलेच नव्हते. तेवढ्यात खालून एक मावशी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन येत होत्या. त्यांनी भारा न उतरवताच विचारलं, "इकडं कुठं चाललात? ही गुरांची वाट हाय, माणसांची नव्हं." मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कसं कळतं? त्यांनी हात वर केला आणि डोक्यावरच्या फांदीला लावला. "इथून भारा जाईल का?"

तेव्हापासून मी खाली बघून वाट शोधत नाही, वर बघतो. गुरं जिथून जातात तिथं वाट खाली रुंद असते, पण कमरेच्या वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, कारण गाय वाकून निघून जाते. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईची वाट खाली जेमतेम पाऊलभर असेल, पण वर सात फुटांपर्यंत मोकळी असते, आणि दोन्ही बाजूंना कोयत्यानं तिरकी छाटलेली टोकं दिसतात. ताजं छाटलेलं टोक पांढुरकं असतं, जुनं काळं पडलेलं. पांढरी टोकं दिसली की समजा, याच महिन्यात कोणी तरी गेलंय. शिवाय माणसांच्या वाटेवर दर चढानंतर एखादा कमरेइतका उंच, वर सपाट दगड असतो. तो भारा टेकायचा दगड. दुसऱ्या कोणी उचलून न देता पुन्हा डोक्यावर घेता यावा म्हणून उंच. तुमच्या मुलांना हे दोन्ही शोधायला सांगा. नऊ वर्षांच्या पोराला चढाचा कंटाळा यायचा नाही.

आता प्रत्यक्ष वाट. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, नेरळच्या पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरा, सातच्या आत तिथं उतरलेलं बरं. कारण असं की ही माथेरानची पूर्वेची बाजू. सकाळी सूर्य सरळ पाठीवर येतो आणि डिसेंबरातसुद्धा दहानंतर उघड्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवर, मुलं कोमेजतात. (सावलीतून चढायचंच असेल तर सकाळी पश्चिमेची बाजू बरी, पण तिच्याबद्दल पुढं सांगतो.) स्टेशनवरून डिकसळ गावातून धरणापर्यंत सपाट चाल आहे. धरणाचं पाणी दिसलं की उतरायचा मोह मुलांना होणार. काठ गाळाचा आहे, पाय रुततो आणि पुढं एकदम खोल होतं. काठावरून बघा, पाण्यात उतरू नका.

धरणाच्या कडेनं गेल्यावर चढ सुरू होतो. पहिला टप्पा सागाच्या झाडीतून, मग उघडी सोंड, मग वाडी. वाडीत थांबा. तुमच्या आईंसाठी हा अर्ध्या वाटेचा थांबा नीट घ्यायला हवा, वीस मिनिटं तरी, आणि बसून. घरांच्या भिंती बघा. जुन्या घरांना कारवीच्या काठ्या उभ्या विणून वरून शेणमाती लिंपलेली असते, तोच कूड. ज्या रानातून तुम्ही पुढं जाणार आहात त्याच कारवीचा. ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा अख्खी सोंड जांभळी होते, मग ती बी टाकून वाळून जाते. वाळलेली काठी हलकी आणि चिवट असते. आईंसाठी काठी दुकानातून आणू नका, वाडीत मागा. हाताच्या उंचीची, वरच्या टोकाला गाठ असलेली देतील.

जेवण हवं असेल तर वाटाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी नको. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कधी वालाची उसळ. पैसे ठरलेले द्या, घासाघीस करू नका. पाणी मात्र आपलं आपण न्या, मोठ्यांना प्रत्येकी तीन लिटर, मुलांना दोन. डिसेंबरात वाडीच्या विहिरीला पाणी असतं, कोणी नाही म्हणणार नाही. पण मार्चनंतर तीच विहीर तळाला जाते आणि बाया हंडा घेऊन लांब उतरतात. उन्हाळ्यात गेलात तर त्यांच्या हंड्यातून बाटली भरून घेऊ नका. मुलांना चॉकलेटं वाटत जाण्याची शहरातल्यांना हौस असते, तीही टाळा. द्यायचंच असेल तर तिथल्या माणसाला वाटाड्याचं काम द्या, तिथं जेवा, जाताना करवंदाचं लोणचं असेल तर विकत घ्या.

वाडीपासून पठारापर्यंतचा टप्पा सगळ्यांत दमवणारा आहे. हातापायांनी चढायचा कातळटप्पा नाही, दरी बघून वाटणारं दृष्टिभय फारसं नाही, पण चढ सलग आहे आणि माती सुटी आहे. आई पुढं, तुम्ही त्यांच्या मागं, असं चाला. सर्वांत हळू चालणारा माणूस नेहमी पुढं ठेवायचा. तो मागं राहिला की सगळे थांबून त्याची वाट बघतात, तो पोचला की लगेच उठतात, आणि त्याला विश्रांती कधीच मिळत नाही.

पठारावर पोचलात की वेळ काढा. ही या वाटेची खरी कमाई. खाली धरण, पलीकडं भिवपुरी-कर्जतचा पट्टा, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर भीमाशंकरची रांग, डावीकडं सिद्धगड. मुलांना तो दाखवा आणि सांगा की विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई कोतवाल म्हणत, ते याच माथेरानात १९१२ साली जन्मले. न्हाव्याच्या घरातला मुलगा, शिकून वकील झाला. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटानं विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तुम्ही ज्या आठवड्यात चढणार आहात, त्याच्या लगेच पुढच्या आठवड्यात त्यांचा स्मृतिदिन येतो. जिथं जन्म झाला तो डोंगर आणि जिथं देह ठेवला तो डोंगर एकाच ठिकाणाहून दिसतो. मला तिथं उभं राहिल्यावर दर वेळी थोडा वेळ बोलवत नाही.

पठारावरून गार्बेट पॉइंटकडं जाताना पायाखालचा दगड बदलतो, तो बघा. खाली सगळा काळा पाषाण, वर टोपी घातल्यासारखा लाल जांभा. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पिऊन घेतो, आणि खालच्या काळ्या दगडाशी आलं की ते पाणी बाजूनं झऱ्यासारखं बाहेर पडतं. म्हणून माथ्याच्या थोडं खाली सगळ्या वाटांवर एक पट्टा ओलसर असतो, डिसेंबरातसुद्धा. बाकी वाट कोरडी ठणठणीत असल्यामुळं माणूस बेसावध असतो आणि नेमका तिथं घसरतो. दुसरं म्हणजे जांभ्याची कड आतून पोखरलेली असते. वरून घट्ट वाटते, खाली आधार नसतो. कुठल्याही पॉइंटवर रेलिंगच्या पलीकडं जाऊन फोटो काढू नका, मुलांना तर कड्यापासून तीन हात आतच ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो.

एकदा माथ्यावरच्या झाडीत शिरलात की श्रम संपले. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, बहुतेक सदाहरित दाटी, लाल मातीची वाट आणि गार सावली. इथं फक्त माकडांपासून सांभाळा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती आपलीच आहे असं ती धरून चालतात. सगळं पाठीवरच्या पिशवीत बंद. मुलांबरोबर थांबत, स्टेशनपासून इथपर्यंत पाच ते सहा तास धरा.

उतरताना गाडीनं या असं मी म्हणालो ते आईंच्या गुडघ्यांसाठी. चढताना दम लागतो, तो बसल्यावर जातो. उतरताना गुडघ्यावर जो भार येतो तो दुसऱ्या दिवशी कळतो, आणि पडापडी बहुतेक वेळा उतरतानाच होते. बाजारातून अमन लॉजपर्यंत शटल गाडी आहे, तिथं जवळच दस्तुरीला नेरळची टॅक्सी मिळते. नेरळपर्यंतच्या छोट्या गाडीचं तिकीट मिळालं तर मुलांसाठी जरूर घ्या. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं उभी केलेली ही दोन फुटी रूळांची गाडी १९०७ पासून आहे, साधारण २१ किलोमीटर वळणं घेत उतरते. मात्र फेऱ्या मोजक्या आणि सुट्टीचे दिवस, तेव्हा तिच्यावर विसंबून परतीचं गणित मांडू नका.

याच रूळांवरून चालत नेरळहून वर जायचं, मध्ये कड्यावरचा गणपती बघायचा, तिथून पेबला जायचं, असं बरेच जण सुचवतील. रूळांवरून चालणं हा रेल्वेच्या कायद्यानं गुन्हा आहे, हे झालं एक. दुसरं, वळणावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, बाजूला व्हायला जागाच नाही अशी ठिकाणं आहेत. मुलांना घेऊन नको. पेबचा किल्ला करायचाच तर तो वेगळा दिवस काढून, नेरळच्या बाजूनं, गुहा आणि शिड्या नीट बघत करावा.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. वन ट्री हिलची घळ, जिला शिवाजीची शिडी म्हणतात, ती आंबेवाडीच्या बाजूनं चढते. घळ उभी आहे, मोठाले धोंडे आहेत, वरून एकाच्या पायानं सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. तेरा वर्षांच्या मुलाला जमेल, आईंना नको. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या अंगानं या माथ्यावर आला आणि त्यानं माथेरान शोधलं असं सगळीकडं लिहिलेलं असतं. तो ज्या वाटांनी चढला-उतरला, त्या आधीपासून तिथल्या लोकांच्या पायांनी मळलेल्या होत्या. पश्चिमेला पनवेलच्या बाजूनं धोधाणीहून सनसेट पॉइंटला चढणारी वाट मला मनापासून आवडते. सकाळभर सावली, मागं प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका, आणि वाटेवर कामाला जाणारी माणसं भेटतात. पण ती गार्बेटपेक्षा उभी आहे. मुलं एकदा गार्बेट चढली की पुढच्या वर्षी ती करा.

पावसाळ्याचं विचारलंत. याच रांगेत, मोरबे धरणाच्या वर, इर्शाळगडाच्या पायथ्याला इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर तिच्यावर आला. २७ मृतदेह काढता आले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. त्या वाडीत मी किती वेळा जेवलो असेन याची मोजदाद नाही. भाकरी वाढणारे हात, वाट दाखवायला निघालेली पोरं, सगळं डोळ्यांसमोर आहे. त्यामुळं भर पावसात कड्याखालच्या वाटेवर मुलं घेऊन जायला मी कोणालाही हो म्हणत नाही, कितीही आग्रह झाला तरी. जुलै-ऑगस्टमध्ये सलग दोन दिवस पाऊस झाला असेल तर जाऊच नये. माथ्यावर धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, ओढे तासाभरात गुडघ्यावरून छातीपर्यंत चढतात, आणि भिवपुरीच्या धबधब्यांवर दर वर्षी कोणाचं तरी माणूस जातं. प्रशासन तिथं बंदीचे आदेश काढतं, ते पाळा.

पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या उत्तरार्धात मात्र हा डोंगर बघावाच. तेरडा आणि सोनकी फुललेली असते, पठारावर गवत कमरेपर्यंत आलेलं असतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. कारवीच्या पानांत, बरोबर हाताच्या उंचीवर, चापडा साप बसलेला असतो. हिरवागार, पानासारखाच, आणि माणूस आलं म्हणून तो हलत नाही. विषारी आहे. आधारासाठी झुडूप धरायची सवय असते, ती त्या दिवसांत मोडा, काठी टेका. कपारीत बघितल्याशिवाय हात घालू नका, तिथं फुरसं, म्हणजे आणखी एक विषारी साप, असू शकतं. कड्याला आग्या मोहोळं असतात, त्यामुळं अत्तर, सिगारेट, शेकोटी, आरडाओरडा काही नको.

डिसेंबरात तुम्ही जाऊन या. सप्टेंबरचं ठरलं की निघण्याच्या आठवडाभर आधी मला सांगा. तोवर वाडीतली माणसं पुन्हा वर जायला लागलेली असतात. कोणत्या ओढ्याला वाट वाहून गेली आणि नवी कुठून पाडली, ते त्यांनाच विचारून तुम्हाला कळवतो.